नकाशाप्रमाण कसे वाचावे: पट्टी हातात घेऊन शिकण्यासाठी

नकाशाप्रमाण बहुतेकांना व्याख्येपासून शिकवले जाते. नकाशावरच्या दोन बिंदूंमधले अंतर आणि जमिनीवर त्याच दोन बिंदूंमधले खरे अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे नकाशाप्रमाण. व्याख्या अचूक आहे. पण ती तोंडपाठ असूनही १:५०,००० असे छापलेला नकाशा समोर आला की दोन ठिकाणांमध्ये किती किलोमीटर आहेत हे लिहिताना पेन्सिल अडते. मला हा विषय उलगडला तो पट्टी घेऊन मोजायला लागल्यावर. म्हणून इथला क्रमही तोच ठेवला आहे: आधी मोजायचे, मग नावे, आणि मग जिथे बहुतेकांचे पाय घसरतात त्या जागा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्रमाणावरून अंतर काढता येते, ते तर खरेच. पण हा नकाशा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कोणता प्रश्न त्याला विचारूच नये, हेसुद्धा प्रमाणावरूनच कळते. हा दुसरा भाग शिकवायचा राहून जातो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच होतात.

हाताशी हे साहित्य ठेवा:

- मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पट्टी
- न ताणला जाणारा सुती दोरा
- कागदाची सरळ कडेची पट्टी
- कंपासपेटीतला डिव्हायडर
- पारदर्शक आलेख कागद. नसेल तर ट्रेसिंग पेपर आणि साधा आलेख कागद
- टोकदार पेन्सिल
- एकाच भागाचे, पण वेगवेगळ्या प्रमाणांचे दोन नकाशे

यादीतली शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. एकच नकाशा पाहून प्रमाण समजत नाही. दोन शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनाच दिसतो.

१. शून्यांचा हिशेब आधी पक्का करा

१:५०,००० याचा अर्थ इतकाच की नकाशावरचे १ म्हणजे जमिनीवरचे ५०,०००. एकक कोणते ते तुम्ही ठरवायचे, अट एकच: दोन्ही बाजूंना तेच एकक हवे. १ सेंटिमीटर म्हणजे ५०,००० सेंटिमीटर, १ इंच म्हणजे ५०,००० इंच.

आता १ किलोमीटर म्हणजे १,००,००० सेंटिमीटर. म्हणून उजवीकडच्या संख्येला एक लाखाने भागले की १ सेंटिमीटरमागे किती किलोमीटर ते मिळते. मीटर हवे असतील तर १०० ने भागा, म्हणजे शेवटची दोन शून्ये काढा. १:१०,००० वर १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, १:२५,००० वर २५० मीटर, १:५०,००० वर ५०० मीटर, १:२,५०,००० वर अडीच किलोमीटर आणि १:१०,००,००० वर १० किलोमीटर. एवढी पाच उत्तरे तोंडात बसली की रोजच्या वापरातले बरेचसे नकाशे आटोक्यात येतात.

सापळा: स्वल्पविराम. आपल्या पद्धतीने अडीच लाख २,५०,००० असे लिहितात, बाहेर छापलेल्या नकाशावर तेच २५०,००० असते. घाईत वाचणारा त्याचे पंचवीस हजार करतो आणि उत्तर दहापट चुकते. स्वल्पविरामाकडे पाहू नका, अंक मोजा.

२. प्रमाण सांगण्याच्या तीन पद्धती

शब्दप्रमाण म्हणजे 'एक सेंटिमीटरला पाच किलोमीटर' असे वाक्य. वाचायला सोपे, पण ज्याला ती भाषा आणि ती एकके माहीत आहेत त्याच्याच उपयोगाचे. अंकप्रमाण म्हणजे १:५,००,०००. यालाच प्रातिनिधिक अपूर्णांक असेही म्हणतात. याला एकक नसल्याने ते कोणत्याही देशातल्या वाचकाला चालते. रेषाप्रमाण म्हणजे नकाशाच्या तळाशी असलेली, किलोमीटरच्या खुणा केलेली आडवी रेषा.

तिन्हींत मी रेषाप्रमाणाला सर्वांत वरचे स्थान देतो. कारण सहाव्या पायरीत येईल.

काही जुन्या नकाशांवर १:६३,३६० असा विचित्र आकडा दिसतो. तो आडमुठेपणाने निवडलेला नाही. एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून 'एक इंचाला एक मैल' हे शब्दप्रमाण अंकांत असे उतरते. फ्रान्समध्ये १८व्या शतकात कासिनी घराण्याने केलेल्या सर्वेक्षणाचे नकाशे १:८६,४०० प्रमाणाचे आहेत. तिथे १ लिन्य या मापाला १०० त्वाझ असे ठरले होते आणि एका त्वाझमध्ये ८६४ लिन्य असत. आकडा वेडावाकडा दिसला की मागे एखादे जुने माप लपलेले आहे का ते पाहावे.

रेषाप्रमाण स्वतः काढून बघा. १:५०,००० साठी १ किलोमीटर म्हणजे २ सेंटिमीटर. १० सेंटिमीटरची रेषा घ्या, दर २ सेंटिमीटरवर खूण करा, पाच भाग होतील. सर्वांत डावीकडच्या भागाचे पुन्हा दहा भाग करा, प्रत्येकी २ मिलिमीटर, म्हणजे १०० मीटर. शून्य लिहायचे ते या पहिल्या भागाच्या उजव्या टोकाला. तिथून उजवीकडे १, २, ३, ४ किलोमीटर आणि डावीकडे १०० पासून १,००० मीटर.

सापळा: वाचताना रेषेच्या अगदी डाव्या टोकापासून सुरुवात करणे. तसे केले की प्रत्येक उत्तर १ किलोमीटरने कमी येते. आधी शून्य कुठे आहे ते शोधा.

३. मोठे प्रमाण कोणते, लहान कोणते

इथे गोंधळ होतोच, कारण १०,००,००० हा आकडा १०,००० पेक्षा मोठा दिसतो. पण प्रमाण हा अपूर्णांक आहे. एक भागिले दहा हजार ही संख्या एक भागिले दहा लाख या संख्येपेक्षा शंभर पट मोठी आहे. म्हणून १:१०,००० हा बृहत्प्रमाण नकाशा आणि १:१०,००,००० हा लघुप्रमाण नकाशा. बृहत्प्रमाण नकाशात प्रदेश थोडा आणि तपशील भरपूर, लघुप्रमाण नकाशात उलटे.

४० सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद कागद घ्या. १:१०,००० प्रमाणावर त्यात १६ चौरस किलोमीटर प्रदेश मावतो. १:५०,००० वर ४०० चौरस किलोमीटर. १:२,५०,००० वर १०,००० चौरस किलोमीटर. कागद तोच, पण शेवटच्या नकाशात पहिल्याच्या ६२५ पट प्रदेश कोंबला आहे. साहजिकच पहिल्यातली बहुतेक माहिती त्यात राहू शकत नाही.

कोणत्या आकड्यापासून नकाशा 'बृहत्प्रमाण' म्हणावा याच्या सीमारेषा पुस्तकागणिक बदलतात. त्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. दोन नकाशांपैकी कोणता बृहत्प्रमाण हे सांगता आले म्हणजे पुरे.

४. सरळ अंतर

कागदी पट्टीची कड दोन बिंदूंना लावा, पेन्सिलने दोन बारीक खुणा करा, मग पट्टी रेषाप्रमाणाखाली धरा. गुणाकार करायचा असेल तर फूटपट्टीने मोजा: १:५०,००० वर ७.४ सेंटिमीटर आले तर ७.४ गुणिले ५०० मीटर, म्हणजे ३,७०० मीटर, म्हणजे ३.७ किलोमीटर.

हे उत्तर '३,७०० मीटर' असे लिहू नका. पेन्सिलची खूण अर्ध्या मिलिमीटरने हलली तरी या प्रमाणावर २५ मीटरचा फरक पडतो. उत्तर किती नेमके लिहायचे याचे एक सोपे माप आहे: नकाशावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवर किती होतो ते काढा, त्याहून बारीक आकडा लिहूच नका. १:१०,००,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मीटर. अशा नकाशावरून कुणी तुम्हाला ४३.२७ किलोमीटर असे अंतर सांगितले, तर शेवटचे दोन अंक निराधार आहेत.

५. वळणाचे रस्ते, नद्या आणि चढ

नदी किंवा घाटरस्ता मोजायचा तर दोरा ओला करून, हलक्या हाताने रेषेवर वळवत न्या, दोन्ही टोकांना खूण करा आणि दोरा सरळ करून मोजा. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी कागदी पट्टी वापरावी: पहिल्या वळणापर्यंत खूण, तिथे पेन्सिलच्या टोकावर पट्टी फिरवायची, पुढच्या वळणापर्यंत पुन्हा खूण. डिव्हायडरने ठरावीक छोट्या अंतराची पावले टाकत जाणे ही तिसरी रीत, पण त्यात पावलांमधली वळणे कापली जातात.

कोणतीही रीत घ्या, वळणदार रेषेचे अंतर नकाशावर खऱ्यापेक्षा कमीच भरते. नकाशाकाराने लहान वळणे आधीच सरळ केलेली असतात आणि प्रमाण जितके लहान तितकी ती जास्त गळतात. समुद्रकिनाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न फार खोल जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांच्या लक्षात आले होते की मोजायचे पाऊल लहान करत गेले की किनाऱ्याची लांबी वाढत जाते. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन त्यावर निबंध लिहिला. म्हणून दोन ठिकाणी एकाच देशाच्या किनाऱ्याची लांबी वेगवेगळी दिसली तर कुणीतरी खोटे बोलते आहे असे समजू नका, मोजणी कोणत्या प्रमाणावर झाली ते विचारा.

दुसरी घट चढाची. नकाशावरचे अंतर आडव्या पातळीतले असते. नकाशावर ५०० मीटर दिसणाऱ्या वाटेत २०० मीटर चढ असेल तर पायाखालचे अंतर पायथागोरसच्या नियमाने सुमारे ५३९ मीटर होते. साध्या उतारावर हा फरक नगण्य असतो: १०० मीटरला १० मीटर चढ असेल तर अर्धा टक्का. डोंगरात मात्र समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाट दिसल्या की तो धरायलाच हवा.

उठावाचा छेद, म्हणजे जमिनीचे चढउतार बाजूने दाखवणारी आकृती, काढणार असाल तर आणखी एक नोंद. आडवे प्रमाण १:५०,००० आणि उभे प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर, म्हणजे १:१०,००० घेतले, तर डोंगर पाचपट उंच दिसतो. छेदाखाली दोन्ही प्रमाणे लिहा.

६. नकाशाचा आकार बदलला की अंकप्रमाण मोडते

ही पायरी सावकाश वाचा. पूर्वी हा प्रश्न फक्त झेरॉक्सपुरता होता, आता आपण जवळजवळ प्रत्येक नकाशा पडद्यावर पाहतो.

१:५०,००० चा नकाशा २०० टक्क्यांवर नेला, म्हणजे लांबी-रुंदी दुप्पट केली, की त्याचे प्रमाण १:२५,००० होते. ५० टक्क्यांवर आणला की १:१,००,०००. ए-३ आकाराचा कागद ए-४ वर छापला की लांबी सुमारे ७१ टक्के उरते आणि प्रमाण साधारण १:७०,७०० होते. पण कोपऱ्यात छापलेला आकडा १:५०,००० असाच राहतो! रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबर ताणले किंवा आखडले जाते, म्हणून ते खरे राहते. मी त्याला वरचे स्थान देतो ते यामुळे.

पडद्यावर तर अंकप्रमाणाला अर्थच उरत नाही. तोच नकाशा फोनवर एका आकाराचा, संगणकावर दुसऱ्या, भिंतीवरच्या प्रक्षेपणात तिसऱ्या. पीडीएफ छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू असेल तर आकार गुपचूप बदलतो. तो बंद करा, 'मूळ आकार' निवडा आणि छापून झाल्यावर रेषाप्रमाण पट्टीने तपासा.

आणि मोठा केला म्हणून नकाशात नवी माहिती येत नाही. १:२,५०,००० चा नकाशा ताणून १:२५,००० इतका केला तरी त्यातले गाव ठिपकाच राहते, फक्त ठिपका मोठा दिसतो.

७. प्रमाण छापलेलेच नसेल तर

दोन मार्ग आहेत. पहिला: ज्याचे खरे अंतर माहीत आहे अशा दोन जागा नकाशावर शोधा, पट्टीने मोजा, भागाकार करा. खरे ६ किलोमीटर नकाशावर ४ सेंटिमीटर भरले तर १ सेंटिमीटरला दीड किलोमीटर, म्हणजे १:१,५०,०००. अंतर सरळ रेषेतले घ्या, रस्त्याचे नको. जागाही एकमेकींपासून जमेल तितक्या दूरच्या निवडा, म्हणजे मोजणीतली चूक विरून जाते.

दुसरा मार्ग अक्षवृत्तांचा. एक अंश अक्षांश म्हणजे सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर. नकाशावर लागोपाठच्या दोन अंशांच्या अक्षवृत्तांत ५.५५ सेंटिमीटर असतील तर १ सेंटिमीटरला २० किलोमीटर, म्हणजे प्रमाण सुमारे १:२०,००,०००.

सापळा: हेच गणित रेखावृत्तांवर करणे. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकींजवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटर असतो, ६० अंश अक्षांशावर तो निम्म्यावर येतो.

८. क्षेत्रफळ: इथे प्रमाणाचा वर्ग होतो

१:५०,००० वर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. म्हणून १ चौरस सेंटिमीटर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर, असे चटकन लिहिले जाते. ते चूक आहे. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५ चौरस किलोमीटर, म्हणजेच २५ हेक्टर.

तलाव किंवा जंगल मोजायचे तर त्यावर आलेख कागद ठेवा. पूर्ण चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेले पूर्ण धरा, अर्ध्याहून कमी भरलेले सोडा. ३६ पूर्ण आणि ११ अर्ध्याहून जास्त असे ४७ चौरस सेंटिमीटर आले तर ४७ गुणिले ०.२५, म्हणजे ११.७५. लिहिताना 'सुमारे १२ चौरस किलोमीटर' लिहा.

९. जगाच्या नकाशावर एकच प्रमाण सगळीकडे लागू नसते

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना कुठेतरी ताणावे लागतेच. गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नकाशात हा ताण इतका कमी असतो की त्याचा विचार करायची गरज नाही. खंडाच्या आणि जगाच्या नकाशात आहे.

नकाशाकार गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली जे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची जी रीत, वापरून जगाचा नकाशा काढला, त्यात दिशा राखण्यासाठी अंतरे ध्रुवांकडे ताणली जातात. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलँड त्यावर आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. अशा नकाशाखाली लिहिलेले प्रमाण सहसा विषुववृत्तापुरते किंवा एखाद्या प्रमाण अक्षवृत्तापुरतेच (ज्यावर ताण नसतो अशा अक्षवृत्तापुरतेच) खरे असते.

हे स्वतः पाहता येते. मर्केटरवर आधारलेला एखादा ऑनलाइन नकाशा उघडा, शहर दिसेल इतके झूम करा आणि झूम न बदलता विषुववृत्तापासून उत्तरेकडे सरकत जा. कोपऱ्यातल्या अंतराच्या पट्टीवर लक्ष ठेवा. जागा बदलते तशी ती पट्टी किंवा तिच्यावरचा आकडा बदलतो. जगाच्या नकाशावर पट्टी लावून दोन खंडांमधले अंतर काढू नये ते याचमुळे. त्यासाठी पृथ्वीगोल आणि दोरा घ्या.

१०. जे दिसते ते सगळेच प्रमाणात नसते

१:२,५०,००० च्या नकाशावर रस्ता अर्धा मिलिमीटर जाड काढला असेल, तर प्रमाणानुसार तो १२५ मीटर रुंद ठरतो. असा रस्ता जमिनीवर नसतो. ती रेषा म्हणजे खूण आहे, तिची जाडी डोळ्यांना दिसावी एवढ्यासाठी. उलट, २० मीटर रुंदीची इमारत याच प्रमाणावर ०.०८ मिलिमीटर होते, म्हणजे काढताच येत नाही. ती एक तर गळते किंवा चिन्ह होऊन उरते.

अरुंद दरीत नदी, रस्ता आणि रेल्वे शेजारी असतील तर तीन जाड रेषा एकमेकींवर चढू नयेत म्हणून नकाशाकार त्या थोड्या बाजूला सरकवतो. म्हणून चिन्हांची रुंदी मोजू नका आणि लघुप्रमाण नकाशावरून 'रस्ता नदीपासून किती मीटरवर आहे' असे विचारू नका. जमिनीची हद्द हवी असेल तर १:५०० ते १:५,००० असे प्रमाण लागते, पायी भटकंतीला १:२५,००० किंवा १:५०,०००, आणि देशाची पर्वतरचना पाहायला १:१०,००,००० किंवा त्याहून लहान.

दोन नकाशांची तुलना करायची तर प्रमाण एकच हवे, ही गरजही जुनी आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ आल्ब्रेख्त पेंक यांनी १८९१ साली बर्न इथल्या आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत सगळ्या जगाचा नकाशा १:१०,००,००० या एकाच प्रमाणावर काढावा असे सुचवले. काम अनेक दशके चालले आणि अपुरेच राहिले, पण त्या प्रस्तावामागचा विचार आजही लागू आहे: वेगळ्या प्रमाणांवर काढलेल्या दोन तलावांपैकी मोठा कोणता, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

११. स्वतःचा नकाशा काढताना प्रमाण निवडणे

प्रदेशाची सर्वांत लांब बाजू घ्या आणि कागदावरच्या उपलब्ध लांबीने भागा. कागदाची लांबी समास, शीर्षक आणि चिन्हसूची यांची जागा सोडून धरा. प्रदेश ३ किलोमीटर लांब, २ किलोमीटर रुंद आणि कागदावर २४ बाय १६ सेंटिमीटर जागा असेल, तर ३,००,००० भागिले २४ म्हणजे १२,५००. म्हणजे १:१२,५०० वर नकाशा काठोकाठ बसतो. मोजायला सोपा आकडा हवा म्हणून तो वर न्या: १:१५,००० घेतले की नकाशा २० बाय १३.३ सेंटिमीटरचा होतो आणि कडेला मोकळी जागा राहते. आकडा खाली, १०,००० वर आणला तर ३० सेंटिमीटर लागतील आणि नकाशा कागदाबाहेर जाईल. रुंदीसाठीही हाच भागाकार करून बघा. दोन्हींपैकी मोठे उत्तर धरायचे.

काढून झाल्यावर, आधी न वापरलेले एक अंतर जमिनीवर मोजा आणि नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहा. जुळले की तळाशी अंकप्रमाण लिहा आणि त्याखाली रेषाप्रमाण काढा. दोन्ही हवीत, कारण तुमच्या नकाशाचा फोटो कोण किती मोठा करून पाहील हे तुमच्या हातात नाही.